शिक्षा एकाला, भोग साऱ्या घराला

घरातला कर्ता माणूस तुरुंगात गेला की त्या घराचे काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. चाळीत, वाडीत, वस्तीत असे एखादे तरी घर आपण पाहिलेले असते. मुलाची शाळा सुटते, दागिना गहाण पडतो, मुलीचे जमत आलेले लग्न मोडते, किराणावाला उधारी बंद करतो. यातले काहीही कोणत्या निकालपत्रात लिहिलेले नसते. मग ही शिक्षा दिली कुणी? न्यायालय, तुरुंग, सरकार आणि शेजारी म्हणून आपण, यांतला कुणीही ती आपली म्हणत नाही. तिचा हिशेब मागण्यासाठी हे मुद्दे.

१. तुरुंगातली बहुतेक माणसे अजून दोषी ठरलेलीच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे. दर चारांत तीन! यांतला एखादा पाच वर्षांनी निर्दोष सुटला, तर त्याच्या मुलाचे बुडालेले दहावीचे वर्ष कोण भरून देणार? विनाकारण तुरुंगवास भोगलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ साली २७७व्या अहवालात सुचवले. तो कायदा अजून झालेला नाही. गुन्हा सिद्ध होण्याआधीच आपण घराची शिक्षा सुरू करतो आणि गुन्हा सिद्ध झाला नाही तरी ती मागे घेत नाही.

२. जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत गरिबासाठी फार मोठे अंतर आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची हमी नाकारली होती, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. या निकालाला पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. आज काय दिसते? माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मंगळसूत्र मोडले ते नवऱ्याला जामीन मिळाल्यानंतर. ऐपतीचा दाखला काढायला गावी खेटे घालायचे, गावचा माणूस शहरातल्या कोर्टात उभा राहायला तयार नाही, आणि कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार मात्र हजर. जामिनाच्या आदेशानंतर महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी जामिनापोटी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजनाही आणली. ती त्या बाईंना कुणी सांगितली नाही. योजना कागदावर ठेवून मंगळसूत्र मोडायला लावणे हा प्रशासनाचा अपराध आहे.

३. शिक्षा ठरवताना घराची नीट चौकशी व्हावी, ही मला सगळ्यांत महत्त्वाची मागणी वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकले पाहिजे, ही तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५(२) म्हणून आली. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २५८(२)मध्ये आहे. १९७६ साली संता सिंग प्रकरणात ती पाळली गेली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी आपल्या मानवतच्या हत्याकांडाच्या अपिलातही या तरतुदीची चर्चा झाली. तेव्हा महाराष्ट्राला हे कलम परके नाही. पण बहुतेक वेळा घडते काय? ‘घरी म्हातारे आईवडील आहेत, लहान मुले आहेत, दया करावी’ एवढे वकील बोलतात, टंकलेखक ते उतरवून घेतो आणि त्याच दिवशी शिक्षा सुनावली जाते. मुले किती, त्यांना सांभाळणार कोण, घरभाडे कोण भरणार, हे पाहायला कुणी त्या घरी गेलेले नसते. १९५८च्या परिवीक्षा कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाची सोय आहे. तो अहवाल किती खटल्यांत मागवला जातो? दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली फसवणुकीत दोषी ठरलेल्या, तीन मुलगे एकटीने वाढवणाऱ्या आईच्या प्रकरणात प्रश्नच ठरवून दिले. मुलांना मुख्यतः सांभाळणारी व्यक्ती हीच आहे का? तिला तुरुंगात धाडले तर मुलांवर परिणाम काय? आणि तुरुंग अटळच असेल तर मुलांची सोय काय? हे तीन प्रश्न विचारायला आपल्याकडे नवा कायदा लागत नाही. ते विचारले जात नाहीत, कारण उत्तर मिळाले की जबाबदारी येते.

४. आईबरोबर तुरुंगात राहणारी मुले २०२२च्या अखेरीस देशभरात १,७६४ होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या निर्देशांप्रमाणे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते, पुढे नातेवाइकांकडे किंवा संस्थेत. या मुलांची निदान गणना तरी होते. बाहेर आजीकडे, मामाकडे, कधी एकट्याच राहणाऱ्या मुलांची यादी कुणाकडे आहे? अटकेच्या वेळी घरात कोण लहान आहे याची नोंद करून ती बालकल्याण समितीला कळवणे, एवढे काम पोलीस ठाण्याला जड नाही. ज्याची नोंद नाही त्या मुलाला कोणतीच योजना शोधत येत नाही.

५. महाराष्ट्राने काही चांगले केले आहे, तेही सांगितले पाहिजे. सिद्धदोष बंद्यांच्या मुलांना वडिलांना जवळ घेऊन भेटता यावे म्हणून आपल्या तुरुंगांत ‘गळाभेट’ उपक्रम झाले. २०२२च्या महाराष्ट्र दिनी येरवड्यात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. बंद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, त्यातून घरची गरज भागते आणि तुरुंगातल्या मजुरीतून ते फिटते. कैद्यालाही घर असते हे सरकारनेच इथे मान्य केले. मग साध्या मुलाखतीला तालुक्याच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हातारीला काचेपलीकडची काही मिनिटे का? कच्च्या कैद्याच्या मुलाला गळाभेट का नाही? उपक्रमाची मेहेरबानी पुरे, आता तो नियम करा.

६. ‘आणि ज्याचा जीव गेला, त्याच्या घराचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे, तो टाळणाऱ्याने या विषयावर बोलूच नये. पण आरोपीचे घर उद्ध्वस्त झाल्याने फिर्यादीच्या घरात चूल पेटते का? वर सांगितलेल्या आफ्रिकी प्रकरणात त्या बाईला उरलेला तुरुंगवास टळला, पण देखरेखीखाली राहून समाजसेवा करायची आणि फसवलेल्या प्रत्येकाचे पैसे फेडायचे, अशी अट पडली. आपल्या नव्या न्याय संहितेतही काही किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा आली आहे. क्रूर गुन्ह्याला तुरुंग हवाच. मात्र जिथे नुकसान भरून देता येते, तिथे माणसाला कोंडून ठेवल्याने दोन्ही घरे उपाशी राहतात.

७. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी समिती असते आणि तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायचे असते. देहदंडाचे, जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यातून वगळले आहेत. असा अर्ज न्यायालयाकडे धाडणे हे तुरुंग अधीक्षकांचे कर्तव्य आहे. आपल्या जिल्ह्यातून असे किती अर्ज गेले? जामीन मिळूनही जामीनदाराअभावी किती जण आत आहेत? माहितीच्या अधिकारात हे विचारा. आमदारांना विचारा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारा.