विषाची बाटली हाताला ओळखू आली पाहिजे

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतील शेतकरी बंधू-भगिनींनो आणि कृषी केंद्रचालकांनो,

सोयाबीन-तुरीच्या फवारणीसाठी घरोघरी कीटकनाशक, तणनाशक आणि टॉनिकच्या एकसारख्या बाटल्या येतात. औषध किती विषारी, हे वेष्टनावरच्या त्रिकोणाचा रंग सांगतो : लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण ज्याला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही, त्याने काय करायचे? मोतीबिंदू झालेल्या आजीने, जन्मापासून अंध असलेल्या भावाने काय करायचे? माहितीपत्रकातली बारीक अक्षरे तर चांगल्या नजरेलाही वाचवत नाहीत.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्याची कारणे अनेक होती. पण हे विष किती घातक आहे, हे तेव्हा साऱ्या विदर्भाने पाहिले. ते न ओळखता कुणाच्या हाती लागू नये.

युरोपात सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या जहाल रसायनांच्या डब्यावर बोटांना जाणवणारा उंचवट्याचा त्रिकोण सक्तीचा आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४३ सांगते की, सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला सरकारने चालना द्यावी. तो त्रिकोण आपल्यालाही मिळालाच पाहिजे. मात्र तोवर फवारणी थांबणार नाही. म्हणून आजच एवढे करा :

• कीटकनाशकाच्या बाटलीच्या गळ्याला सुतळीची एक गाठ, तणनाशकाला दोन गाठी बांधा. जिल्हाभर हीच खूण ठेवा. माणसांच्या औषधांना सुतळी कधीच बांधू नका.
• ही खूण घरातल्या प्रत्येकाच्या हाताला ओळखीची करून द्या.
• विष मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. शीतपेयाच्या बाटलीत ओतू नका.
• कृषी केंद्रचालकांनो, बाटली देतानाच गाठ बांधा. नाव, माप आणि धोका मोठ्या काळ्या अक्षरांत पांढऱ्या कागदावर लिहून द्या आणि वाचूनही दाखवा.
• विषबाधेची शंका आली की १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत दवाखान्यात न्या.

येत्या ग्रामसभेत उंचवट्याच्या खुणेची मागणी करणारा ठराव मांडा आणि तो कृषी विभागाकडे पाठवा. गावागावांतून ठराव गेले, तर सरकारला आणि कंपन्यांना उत्तर द्यावेच लागेल.