फेरीधक्क्यावरची ओळख

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. त्या तेथे बांधल्या जात असतीलही. परंतु त्यांची दोरी वळण्याचे काम मात्र खाली, आपल्याच वाड्यावाड्यांतून, बाजारांतून आणि देवळांच्या आवारांतून चालत असे. हे दोरी वळण्याचे काम अलीकडे थांबल्यासारखे झाले आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील कोणत्याही गावात चवथीच्या दिवसांत चार घरी आरतीला जाऊन यावे. त्यांपैकी एका तरी घरात तिशी ओलांडलेला, शिकलासवरलेला, मिळवता मुलगा किंवा तशीच मुलगी अविवाहित असल्याचे दिसते. आरती संपून प्रसाद हाती पडतो न पडतो तोच कोणीतरी विचारते, ‘यंदा तरी लाडू मिळणार ना?’ प्रश्न प्रेमाचाच असतो. परंतु ज्याला तो विचारला जातो त्याची मान खाली जाते आणि आई उगाच स्वयंपाकघरात वळते. ही मान खाली जाणे आमच्या मते दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. त्या वेळी डिचोली तालुक्यातील ट्रकमालकांचे आणि यंत्रचालकांचे उत्पन्न गेले, आणि उत्पन्नाबरोबर सोयरिकीच्या बाजारातील त्यांचे मोलही गेले. आता काही खाणपट्टे पुन्हा सुरू झाले असले तरी मधली वर्षे काही परत येत नाहीत. मुलगी शिकली, नोकरीसाठी पणजी-वेर्ण्याला जाऊ लागली, आणि तिच्या वडिलांनी ‘मुलगा सरकारी नोकरीतलाच हवा’ अशी अट धरली. अट धरणाऱ्याच्या घरात स्वतःचा मुलगाही असतो आणि त्याला सरकारी नोकरी नसते, हा विनोद सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यावर पत्रिका आली, पोटजात आली, जमिनीचा हिस्सा आला. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७५ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार. एवढ्याशा वस्तीतून जात, पोटजात, गोत्र, पत्रिका, नोकरी आणि वय अशा सहा चाळण्यांतून गाळल्यावर चाळणीत काय उरणार?

पूर्वी या चाळण्या नव्हत्या असे नाही. परंतु तेव्हा मध्यस्थ होते. कोणी मावशी, कोणी भटजी, कोणी गावोगाव फिरणारा व्यापारी, असा एक माणूस असे की ज्याला दहा गावांतील घरे ठाऊक असत. आणि भेटीच्या जागाही होत्या. मुलगी घरी ‘दाखविणे’ अवघड वाटले तर ती देवळात दाखवीत. देवदर्शनाच्या निमित्ताने दोन्ही मंडळी एकाच वेळी देवळाच्या चौकात येत. जमले तर देवाने जमविले, न जमले तर कोणाचा पाणउतारा नाही. जत्रा, सप्ताह, उत्सवातील नाटक ही सारी देवाची कार्ये खरीच, परंतु त्यांच्या सावलीत गावोगावच्या सोयरिकीही ठरत. पेडण्याच्या पुनवेला, विठ्ठलापुरातील चैत्रीला किंवा नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या पायाशी गोकुळाष्टमीच्या स्नानाला जमणाऱ्या समुदायात आपल्या किती आजी-आजोबांची घरे एकमेकांच्या नजरेस प्रथम पडली असतील, याचा विचार करून पाहावा.

आता मध्यस्थाची जागा संकेतस्थळांनी आणि भ्रमणध्वनीने घेतली आहे. अमेरिकेत २०१७ साली जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी शंभरातील सुमारे ३९ जोडप्यांची पहिली ओळख इंटरनेटवर झाली होती, असे तेथील समाजशास्त्रज्ञांच्या पाहणीत आढळले. आपल्याकडेही त्या वाटेने विवाह जुळतात आणि त्यांतील पुष्कळ सुखाचे होतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तेथे माणसाच्या आधी त्याचे छायाचित्र येते, पगाराचा आकडा येतो, उंची येते. तो आजारी आईला दवाखान्यात नेताना कसा बोलतो, बसमध्ये म्हातारे माणूस चढले तर जागा देतो की खिडकीबाहेर पाहतो, हे त्या पडद्यावर दिसत नाही. ते दिसते रोजच्या वाटेवर.

या रोजच्या वाटेचे सामर्थ्य जुने आहे. जेम्स बॉसार्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातील १९३१ सालचे पाच हजार विवाह-परवाने तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वधूवरांची घरे एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या आत असल्याचे त्याला दिसून आले. लाखो वस्तीच्या त्या शहरातही माणसाने जोडीदार शोधला तो हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे एकाच गावात, भावकीत सोयरीक न करण्याची चाल असल्याने आपली हाक थोडी लांब, शेजारच्या गावापर्यंत जायला हवी. म्हणूनच गावे जेथे एकमेकांत मिसळतात त्या जागांना आपल्याकडे विशेष महत्त्व आहे.

अशा जागा आज नाहीत काय? आहेत, आणि पुष्कळ आहेत. नार्वे आणि दिवाडी यांच्यामधली फेरीबोट घ्या, किंवा पेडणे तालुक्याच्या टोकाला केरी आणि तेरेखोल यांना जोडणारी फेरीबोट घ्या. बोट पलीकडच्या काठाला असेल तर इकडच्या धक्क्यावर दहा मिनिटे कोणालाच कोठे पळता येत नाही. दुचाकी बंद करून उभे राहावे लागते, पाण्याकडे पाहावे लागते आणि शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलणे अगदी स्वाभाविक असते. चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात माटोळीचे सामान येते. कवंडळे, आंबाडे, सुपारीचे घोस, रानातील नाना फळे. त्यांची नावे ठाऊक नसलेली शिकलेली मुले तेथे गोंधळून उभी असतात, आणि ‘हे काय?’ एवढ्या एका प्रश्नावर ओळख होऊ शकते. सकाळची कदंबची बस आहे, जिच्यात तीच माणसे तीच जागा धरून वर्षानुवर्षे पणजीला जातात. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेथील पाळ्यांच्या कामाने पेडण्याची मुले-मुली दूरदूरच्या गावच्या तरुणांबरोबर एकाच वाहनातून ये-जा करू लागली. भजनाची आणि घुमट-आरतीची पथके आहेत, उत्सवातील नाटकांच्या तालमी आहेत, गावचे वाचनालय आहे, रक्तदानाचे शिबिर आहे. नाटकाच्या तालमीत तर महिनाभरात माणूस आतून बाहेरून कळतो. कोण वेळेवर येतो, कोण दुसऱ्याची चूक सांभाळून घेतो आणि कोण आपली चूक दुसऱ्यावर ढकलतो, हे कोणत्याही पत्रिकेत लिहिलेले नसते.

तर मग गाठी का पडत नाहीत? उत्तर कटू आहे, परंतु दिलेच पाहिजे. या जागा ओसाड झाल्या त्या आपल्या नजरेमुळे. बसथांब्यावर एखादी मुलगी ओळखीच्या मुलाशी चार वाक्ये बोलली तर बस पणजीला पोचण्याआधी ती बातमी तिच्या घरी पोचते, आणि चार वाक्यांची चाळीस होऊन पोचते. मुलाचे त्यात फारसे काही जात नाही. मुलीचे नाव जाते. तिच्या बोलण्याची वाट बंद होते, कधी नोकरीची वाटही बंद होते. मग शहाणी मुलगी काय करते? ती बसमध्ये कानांत तार घालून खिडकीबाहेर पाहते. तिच्या शेजारी उभा असलेला, कदाचित तिला सर्वथा योग्य असा मुलगाही आपल्या पडद्यात डोके घालतो. दोघेही रात्री घरी जाऊन संकेतस्थळावर शेकडो कोसांवरची छायाचित्रे चाळतात. अशाने आपण काय वाचविले आणि काय घालविले, याचा हिशेब कोणी करणार आहे की नाही?

पालकांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. फसवणूक होते, मुली दुखावल्या जातात, आणि त्याची किंमत त्यांनाच अधिक मोजावी लागते. परंतु विचार करावा की धोका अधिक कोठे आहे. चारचौघांत, ओळखीच्या बाजारात, देवळाच्या चौकात झालेल्या बोलण्यात, की ज्यांना गावात बोलू दिले नाही म्हणून जी मुले दूर, अनोळखी ठिकाणी, कोणाला न सांगता भेटतात त्या भेटीत? गावाची नजर ही पहारा म्हणून उपयोगी आहे. ती फास म्हणून वापरली की मुले तिच्या पलीकडे जातात, आणि तेथे गरज पडली तर त्यांच्या हाकेला ओ देणारे कोणी नसते.

तरुणांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ओळख म्हणजे हक्क नव्हे. धक्क्यावर कोणी दोन शब्द बोलले म्हणजे तिसरा शब्द ती आपल्याला देणे लागते असे नाही. मुलीने तोंड फिरविले तर तेथेच थांबावे. रोज तीच बस धरून तिच्या मागे मागे जाणे हे प्रेम नव्हे, तो पाठलाग आहे आणि २०१३ पासून कायद्याने तो स्वतंत्र गुन्हा ठरविलेला आहे. ज्या गावात ‘नाही’ हा शब्द मुलीला निर्धास्तपणे उच्चारता येतो, त्याच गावात ती ‘होय’ही मनापासून म्हणू शकते. मोकळ्या भेटीगाठींची पहिली अट ही सभ्यताच आहे, आणि ती राखण्याची जबाबदारी प्रथम मुलांची आहे.

शेवटी एका कागदाची आठवण देतो. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी कायद्यान्वये गोव्यात लग्न करणाऱ्या दोघांनाही नोंदणी कार्यालयात जाऊन आपल्या हाताने सह्या कराव्या लागतात. एकदा इच्छा जाहीर करण्यासाठी आणि मुदतीनंतर पुन्हा ती कायम करण्यासाठी. येथे वडिलांची सही चालत नाही, मध्यस्थाची चालत नाही. कायद्याने लग्नाचा मालक कोणाला मानले आहे ते यावरून उघड होते. साधे कर्जाचे कागद सही करण्यापूर्वी आपण चार वेळा वाचतो. मग जन्माच्या कागदावर सही करणाऱ्याने समोरचे माणूस चार वेळा भेटून वाचलेले असू नये काय?

यासाठी मोठ्या योजनेची किंवा सरकारी अनुदानाची गरज नाही. देवस्थान समित्यांनी आणि युवक मंडळांनी शेजारच्या गावांना बरोबर घेऊन नाटके, भजने, शिबिरे करावीत आणि त्यांत मुलामुलींना एकत्र काम करू द्यावे. विधवा, घटस्फोटित आणि चाळिशीकडे झुकलेल्या माणसांनाही त्यांत सन्मानाने बोलवावे. एकटेपण त्यांनाही आहे, आणि त्यांच्या वाट्याला तर लाडवाचा प्रश्नही येत नाही. पालकांनी आपली एखादी चाळणी, मग ती पोटजातीची असो, पत्रिकेची असो की सरकारी नोकरीची, खुंटीला टांगून ठेवावी. आणि आपण सर्वांनी एवढेच करावे: येत्या चवथीच्या आधी माटोळीच्या बाजारात कवंडळाच्या पाटीशी दोन तरुण जिवांना हसून बोलताना पाहिले, तर बातमी घेऊन घराकडे धावू नये. आपले नारळ निवडावेत आणि पुढे जावे.