अकरावीतच सांगायला हवं होतं

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. माझ्या टेबलाच्या खणात एक वही असते. बारावी झालेलं मूल पुढं कुठं गेलं, ते मी तिच्यात लिहून ठेवते. 'मुलगा, विज्ञान. अभियांत्रिकीला जागा लागली होती. जात पडताळणी नाही.' 'मुलगी, कला, ७४ टक्के. अर्जाची तारीख गेली.' 'मुलगी, विज्ञान. पुण्यात प्रवेश. दिवाळीला आली ती परत गेली नाही.'

तिघंही अभ्यासात चांगली होती. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

सरकार काही करत नाही, असं मी म्हणणार नाही. बार्टी, सारथी यांसारख्या सरकारी संस्था आहेत. तशाच महाज्योती संस्थेचा टॅब घेऊन जेईई, नीट, सीईटीची तयारी करणारी मुलं माझ्याच वर्गात बसतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना मुंबई, पुणे, नागपुरात राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार योजनेतून वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. या योजना नसत्या तर माझ्या वहीतल्या कितीतरी ओळी कोऱ्या राहिल्या असत्या. पण शिकवणीला पैसे आहेत, राहण्याला पैसे आहेत, आणि या दोन्हींच्या मधली वाट मुलाला एकट्यानं शोधावी लागते.

शिकलेल्या घरात ही वाट जेवता-जेवता कळते. मामा इंजिनीअर असतो, शेजारची ताई दिल्लीला शिकत असते. कोणता दाखला केव्हा काढायचा, पसंतीक्रम कसा भरायचा, हे पोरांच्या कानावर आपोआप पडत राहतं. माझ्या मुलांचे आईबाप दिवसभर दुसऱ्याच्या वावरात असतात. त्यांना विचारून काय कळणार?

जात पडताळणीचंच पाहा. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. पण ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याचे आजोबा बहुधा शाळेत गेलेलेच नसतात. मग कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधा, जुनी महसुली कागदपत्रं शोधा, कुठं आडनाव वेगळं पडलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करा. शिकलेल्या घरातल्या मुलाला जो कागद कपाटात सापडतो, त्यासाठी या मुलाचा बाप चार-पाच मजुऱ्या पाडतो. आणि हे सगळं निकालानंतर सुरू झालं, तर प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. वहीतल्या त्या पोराला अकरावीतच सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाच ते नीट ठाऊक नव्हतं.

दुसरी ओळ कला शाखेच्या मुलीची. तयारी म्हटलं की आपल्याकडं डॉक्टर-इंजिनीअरच डोळ्यांपुढं येतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतले बहुतेक पदवी प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात. ती परीक्षा तेरा भाषांत देता येते, त्यात मराठीही आहे. म्हणजे तालुक्यात मराठीतून इतिहास शिकलेली मुलगी दिल्ली विद्यापीठासाठी परीक्षा देऊ शकते. हे माझ्या किती मुलांना ठाऊक असतं? वर्गात विचारलं की दोन-तीन हात वर येतात.

तिसऱ्या ओळीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. तिला जागा मिळाली होती, वसतिगृहही मिळालं होतं. "मॅडम, वर्गात सगळे माना डोलवायचे. मला एकटीलाच काही कळत नाही असं वाटायचं," ती म्हणाली. कळत नसणारी तिच्यासारखी आणखी दहा जणं त्याच वर्गात असतील, पण हे तिला सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

अमेरिकेत १९६५ साली 'अपवर्ड बाउंड' नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात गरीब घरांतली शाळकरी मुलं उन्हाळ्यात काही आठवडे कॉलेजच्या आवारात राहतात, शिकतात, ग्रंथालयात बसतात. पुढं खरोखर कॉलेजात जातात तेव्हा त्या इमारतींचं दडपण पुष्कळ कमी झालेलं असतं. इतक्या लांब जायचीही गरज नाही. राजू केंद्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यातून सुरू केलेली 'एकलव्य' संस्था पहिल्या पिढीच्या मुलांसाठी निवासी कार्यशाळा घेते, अर्ज कसा लिहायचा ते शिकवते, आणि त्या वाटेनं आधी गेलेले ताई-दादा त्यांच्या पाठीशी उभे करते. एका संस्थेला जमेल तेवढं ती करते. राज्यभरातल्या तालुक्यांचा भार तिनं उचलावा, ही अपेक्षा मात्र योग्य नाही.

माझी मागणी एका माणसाची आहे. प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ मार्गदर्शक द्या. त्याच भागातून विद्यापीठात जाऊन आलेला, पगारी, आणि अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत त्याच मुलांसोबत राहणारा. सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या तिन्ही विभागांनी मिळून तो नेमावा, कारण ही मुलं वर्गात एकाच बाकावर बसतात. आणि बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना पंधरा दिवस जवळच्या विद्यापीठात राहू द्या. सुटीत तिथली वसतिगृहं बरीचशी रिकामीच असतात.

आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारनंतर तीन वर्गखोल्या मोकळ्या असतात. त्यातली एक त्या मार्गदर्शकाला देण्याबद्दल मी प्राचार्यांशी बोलले आहे. ते तयार आहेत. वहीही मी त्याच्या हवाली करीन.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातली एक शिक्षिका