सत्यवादी कौशिक नरकास कां गेला?

नेहमीं खरें बोलावें, हें आपण मुलांस धुळाक्षरांबरोबरच शिकवितों. आणि तें योग्यच आहे. परंतु या नियमास अपवाद आहे किंवा नाहीं, हा प्रश्न पुढें प्रत्येकास पडतो. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणीं त्याचा ऊहापोह केला आहे. महाभारतांतील दोन प्रसंग येथें विचारांत घेऊं.

युद्धाच्या सतराव्या दिवशीं कर्णाच्या बाणांनीं जर्जर झालेला युधिष्ठिर संतापून अर्जुनास म्हणाला, "गांडीव दुसऱ्यास देऊन टाक." असें म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती. त्यानें खड्ग उपसलें. तेव्हां श्रीकृष्णानें त्यास कौशिकाची कथा सांगितली. सत्यभाषण हें या ब्राह्मणाचें व्रत. दरोडेखोरांच्या भयानें कांहीं लोक रानांत लपले असतां, त्यानें पाठलाग करणाऱ्यांस खरी वाट दाखविली. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला. अर्जुनास मार्ग मिळाला, पण फुकट नव्हे : वडील भावास 'तूं' म्हणून दुरुत्तरें बोलावीं, मान्य पुरुषाचा अपमान हाच त्याचा वध!

मग हेतु चांगला असला कीं असत्यास मुभा आहे काय? दोनच दिवसांपूर्वींचा प्रसंग पाहा. अश्वत्थामा मेला, असें युधिष्ठिरानें द्रोणाचार्यांस मोठ्यानें सांगितलें आणि 'हत्ती' हा शब्द पुटपुटला. सल्ला श्रीकृष्णाचाच होता. तरीही भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा धर्मराजाचा रथ खालीं टेंकला, आणि स्वर्गारोहणपर्वांत त्यास नरकदर्शन घडलें.

दोन्ही कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे कसोटी हातीं येते. कौशिकानें आपलें व्रत राखण्यासाठीं परक्यांचे प्राण खर्ची घातले. युधिष्ठिरानें आपल्या जयासाठीं विश्वास ठेवणाऱ्या गुरूस फसविलें. एक खरें बोलला, दुसरा खोटें. परंतु हानि सोसली ती दुसऱ्यांनीं.

आपल्या घरांत दरोडेखोर येत नाहींत. परंतु विवाह जुळवितांना मुलाचें जुनें दुखणें झांकून ठेवण्याचा मोह येतो, आणि मग "चांगल्या कामासाठीं खोटें चालतें" म्हणून शास्त्राचा आधार दिला जातो. तो आधार खोटा आहे. हें कौशिकाच्या आश्रयास आलेल्यांचें रक्षण नव्हे. विश्वासानें घरांत येणाऱ्या मुलीची ती फसवणूक आहे. अशा वेळीं ग्रंथ उघडण्यापूर्वीं मनास एवढेंच विचारावें : या मौनाचें मोल कोण भरणार, मी कीं ती?