होकायंत्रातील तिरकी रेघ

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळांची वेळ इस्रोच्या सहकार्याने पाच प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचवावी, अशी योजना आहे. त्या पाच शहरांत आमचे बंगळूरही आहे. योजना स्वागतार्हच, मात्र अचूकतेच्या या कौतुकात एक गोष्ट दुर्लक्षित राहते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत न्यूरेंबर्गचे कारागीर हस्तिदंताच्या, खिशात मावणाऱ्या सूर्यघड्या घडवीत. दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडल्या की मधला दोरा ताणला जाई आणि त्याची सावली तास दाखवी. त्यासाठी दोऱ्याचा तळाशी होणारा कोन गावाच्या अक्षांशाइतका आणि रोख खऱ्या उत्तरेकडे हवा. उत्तर शोधण्यासाठी तळातच होकायंत्र बसविलेले असे. पण चुंबकसूची नेमकी खरी उत्तर दाखवीत नाही. म्हणून अनेक सूर्यघड्यांच्या होकायंत्रात उत्तरेपासून किंचित कललेली एक रेघ कोरलेली आढळते. सूची त्या रेघेवर आली की यंत्र खऱ्या उत्तरेस लागे. या फरकालाच चुंबकीय दिक्पात म्हणतात. कारागिराने यंत्रातील चूक लपविली नाही, मोजून यंत्रावरच कोरली.

ती रेघही कायमची नव्हती. लंडनमध्ये १५८० साली दिक्पात पूर्वेकडे सुमारे ११ अंश होता. १८२० च्या सुमारास तो पश्चिमेकडे २४ अंशांवर गेला. शिवाय दुरुस्ती स्थळाचीही लागते. लंडनला साजेसा साडेएकावन्न अंशांचा कोन बंगळुरास उपयोगाचा नाही. येथे तो १३ अंश हवा. तो साधला तरी मिळेल ती स्थानिक वेळ, म्हणजे प्रमाणवेळेच्या सरासरी २० मिनिटे मागे. त्यात ऋतुमानानुसार पंधराएक मिनिटांची आणखी घटबढ.

अशा दुरुस्त्या कोणीतरी सतत मोजत राहावे लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विजेवरील ट्राम येणार हे दिसताच नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविण्यात आला. आज ती परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालविते. आपल्या मोबाइलमधील होकायंत्रालाही खरी उत्तर दाखविण्यासाठी दिक्पाताची दुरुस्ती लागतेच. त्यामागील जागतिक प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्याने काढावे लागते, आणि ते तपासण्यासाठी जमिनीवरील वेधशाळांच्या अखंड नोंदी हव्यातच.

नवे घड्याळ ही बातमी होते. शंभर वर्षे न खंडलेली नोंद ही बातमी होत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीत अशी नोंद बसतही नाही. म्हणून माझे मत असे: प्रमाणवेळेवर खर्च जरूर व्हावा, पण दीर्घकालीन वेधांसाठी मनुष्यबळ आणि देखभाल यांची कायमस्वरूपी तरतूदही त्याच अर्थसंकल्पात असावी. नोंदीत पडलेला खंड मागाहून कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही. आपले मत वेगळे असल्यास अवश्य मांडावे.