पडल्यावरही जीव वाचावा

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात, शिरपूरच्या अकादमीचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक दगावले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. परिसरातील आदिवासींनी तिला बांबू आणि कापडाच्या झोळीतून खाली आणले. वर्षभराने, २५ जुलै २०२२ रोजी, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून उडालेले विमान पडले. त्यातील शिकाऊ तरुणी किरकोळ जखमांवर बचावली. ‘नशीब बलवत्तर’ म्हणून आपण मोकळे होतो. पण या नशिबामागे गणितही असते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४० पट जोर सोसावा लागतो. तेच थांबणे एक मीटरभर लांबले, तर जोर १४ पटींवर येतो आणि घट्ट पट्टा बांधलेला माणूस वाचू शकतो. विमानाचे नाक व तळ चेपून धक्का गिळतील, आसन टप्प्याटप्प्याने दबेल, खांद्यावरचा पट्टा डोके समोर आपटू देणार नाही, ही सारी खटपट त्या मीटरभरासाठीच.

अमेरिकेत ‘नासा’च्या लँगली केंद्रात चांद्रवीरांच्या सरावासाठी उभारलेल्या उंच सांगाड्यावरून १९७०च्या दशकापासून छोटी विमाने मुद्दाम आपटून हा अभ्यास झाला. १९८८ मध्ये तिथे छोट्या विमानांच्या आसनांसाठी कडक नियम आला: पुतळा बसवून पुढच्या आसनाने २६ पट धक्का सोसून दाखवायचा.

मेख अशी की, हा नियम नव्या रचनेच्या विमानांसाठी होता. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सेसना १५२’चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले. अशी जुनी विमाने आज ना उद्या बदलतील. तोवर निदान खांद्याचे पट्टे, आसनांची बळकटी आणि अपघातस्थळ कळवणारे यंत्र यांची काटेकोर तपासणी व्हायला हवी.

अपघाताच्या चौकशी अहवालात ‘विमान का पडले’ याबरोबर ‘आतली माणसे का वाचली किंवा का दगावली’ याचीही नोंद असते. विमान खरेदी करताना प्रशिक्षण संस्थांनी आणि परवाने देताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते पानही वाचावे. शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच. ती जिवावर बेतू नये, ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची आणि परवाना देणाऱ्यांची आहे.