नाव नोंदवा, आणि फोन आला की मागं फिरू नका

महाराष्ट्रातल्या अठरा ते पन्नास वयाच्या सगळ्यांना, आणि त्यातही विशी-तिशीतल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. स्टेम सेल दाता म्हणून नाव नोंदवा. याच आठवड्यात नोंदवा. पण त्याआधी पुढचं सगळं नीट वाचा. अर्धवट माहितीवर दिलेला होकार पेशंटला कधीकधी नकारापेक्षा महाग पडतो.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करणारा डॉक्टर आहे. ल्युकेमियाचे पेशंट वरच्या मजल्यावर असतात आणि त्यांचे डॉक्टर वेगळे असतात. माझ्याकडे येतो तो दाता: कसलाही आजार नसलेला, कुणी परका माणूस जगावा म्हणून आपल्या अंगात सुई टोचून घ्यायला तयार झालेला. तो माझा पेशंट. आला तसाच धडधाकट घरी गेला पाहिजे, एवढीच माझी जबाबदारी. वरच्या मजल्यावर कितीही निकड असली तरी तपासणीत काही खटकलं, तर ‘हा दाता चालणार नाही’ असं म्हणण्याचा मला अधिकार आहे आणि तो मी वापरतो. पेशंटचा डॉक्टर आणि दात्याचा डॉक्टर वेगळा असावा हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे, आणि त्याच्याच भरवशावर मी तुम्हाला हे मागतो आहे.

गरज किती मोठी आहे ते सांगतो. ल्युकेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल यांसारख्या अनेक आजारांत पेशंटची रक्त तयार करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. ती बदलायची तर दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, लागतात, आणि त्या कुणाच्याही चालत नाहीत. एचएलए नावाचे ऊतींचे गुणधर्म जुळावे लागतात. ते निम्मे आईकडून आणि निम्मे वडिलांकडून येतात. म्हणून सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, एवढीच. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो, म्हणजे हाडांतल्या मज्जेचं, प्रत्यारोपण केलं. पेशंट होती नऊ वर्षांची मुलगी, आणि तिला मज्जा दिली ती तिच्या भावानं. भाऊ होता आणि तो जुळला. आज आपल्या राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत. ज्याला एकच भावंड, त्याचा दाता चारपैकी तीन वेळा घरात सापडणार नाही. ज्याला एकही नाही, त्याचं तर बोलायलाच नको.

मग राहतात अनोळखी माणसं. त्यांची नोंदणी कशी सुरू झाली तेही माहीत असावं. इंग्लंडमधल्या अँथनी नोलन या लहान मुलाला रक्ताचा जन्मजात आजार होता. घरात कुणी जुळेना, म्हणून त्याच्या आईनं, शर्ली नोलन यांनी, १९७४ साली लंडनमध्ये अनोळखी दात्यांची यादी करायला घेतली. अँथनीला दाता मिळाला नाही. १९७९ साली तो गेला. पण आईनं सुरू केलेलं काम चालू राहिलं, आणि आज जगभरच्या अशा याद्यांमध्ये मिळून चार कोटींहून जास्त नावं आहेत. एकट्या जर्मनीत एक कोटीच्या आसपास. तिथं दर आठ-नऊ माणसांमागे एक दाता नोंदलेला आहे. आपण एकशे चाळीस कोटी, आणि आपली नावं अजून काही लाखांतच घोटाळतात.

जर्मनीची यादी मोठी आहे, तर आपले पेशंट तिथून दाता का घेत नाहीत? घेतात, मिळाला तर. पण एचएलए वंशाबरोबर चालतो. सोलापूरच्या पेशंटशी जुळणारा माणूस हॅम्बुर्गपेक्षा सोलापुरात, बार्शीत, विजापुरात सापडण्याची शक्यता जास्त. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मराठी मुलाला ल्युकेमिया झाला तरी त्याचा दाता बहुधा आपल्याकडच्याच मुलुखातला निघणार. आपल्याकडे जातीत, पोटजातीत लग्नं होत आली आहेत, त्यामुळे प्रत्येक समाजातून नावं यायला हवीत. शहरी, शिकलेल्या, ठरावीक आडनावांची यादी कितीही लांबली, तरी नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या सिकल सेलच्या मुलाला तिचा उपयोग होत नाही.

अलीकडे अर्धा जुळणारा दाता, म्हणजे आई, वडील किंवा मूल, घेऊनही प्रत्यारोपण होतं. ही खरोखर मोठी प्रगती आहे आणि अनेकांचे प्राण त्यानं वाचतात. तरीही पूर्ण जुळणारा तरुण दाता मिळत असेल, तर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आधी त्याचाच विचार करतात.

आता तुमच्या बाजूनं काय होतं ते सांगतो. नोंदणीच्या वेळी गालाच्या आतून कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवतात, बस. सुई नाही, रक्त नाही, पैसे नाहीत. ‘दात्री’ आणि ‘डीकेएमएस फाउंडेशन इंडिया’ या संस्था ही नोंदणी करतात आणि काडीचा संच घरीही पाठवतात. त्यानंतर बहुतेकांना कधीच फोन येत नाही. काहींना दोन महिन्यांनी येतो, काहींना आठ वर्षांनी.

फोन आला, जुळणी पक्की झाली, की तुम्ही माझ्यासारख्या डॉक्टरकडे येता. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी, स्त्रियांची गर्भचाचणी. विदर्भ-खानदेशातल्या दात्याची सिकल सेलची तपासणी मी कधीही टाळत नाही. मूळपेशी रक्तात उतरवण्यासाठी आम्ही देतो ते इंजेक्शन सिकल सेलचा आजार असलेल्याला दिलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. पोट हातानं दाबून पांथरी बघतो, हिवताप होऊन गेलाय का ते विचारतो. एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या पेशंटच्या सुरक्षिततेसाठीही असतात. बाकीचं बहुतेक सगळं तुमच्यासाठी.

मग जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन चार-पाच दिवस रोज घ्यायचं. त्यानं मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, डोकं दुखतं, अंगात कणकण वाटते. पॅरासिटामोलनं भागतं आणि इंजेक्शनं थांबली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. पांथरी थोडी सुजते, म्हणून काही दिवस कबड्डी, कुस्ती बंद. पांथरी फुटण्याचे प्रकार जगात झाले आहेत. ते फार दुर्मिळ आहेत, पण झाले आहेत. हे मी प्रत्येक दात्याला सांगतो, तुम्हालाही सांगितलंच पाहिजे. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूळपेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास लागतात.

लातूरकडच्या एका विद्यार्थिनीची आई तपासणीच्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पोरीचं लग्न व्हायचंय अजून. मणक्यातनं काढतात म्हणे. उद्या बाळंतपणात काही झालं तर?” मी म्हटलं, “ताई, मणक्याला हातसुद्धा लावत नाही. पाळी, गर्भधारणा, बाळंतपण, कशावरच परिणाम होत नाही. आणि तुम्ही तिच्याजवळच बसा ना.” ती बसली, सगळा वेळ. मुलीचे दोन्ही हात अडकलेले, तर आईनं तिला डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तुकडे करून भरवला, नाकाला खाज सुटली ती खाजवली, केस मागं घेतले. मध्येच मुलीच्या ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे औषध असतं त्यानं शरीरातलं कॅल्शियम थोडं घटतं. कॅल्शियम दिलं, मुंग्या गेल्या. शेवटी वर टांगलेल्या छोट्या पिशवीत टोमॅटोच्या साराच्या रंगाचं काहीतरी जमलं होतं. आई उठून पिशवीजवळ गेली, निरखून पाहिलं आणि मला विचारलं, “एवढंच?” एवढंच. संध्याकाळी दोघी चालत बाहेर पडल्या. त्या पेशी कुठं गेल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही ते कुणाला सांगता येत नाही.

काही पेशंटना, विशेषतः अप्लास्टिक अ‍ॅनिमियात, पेशी थेट मज्जेतून हव्या असतात. तेव्हा पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढतात. काही दिवस कंबर दुखते. भुलीचा जो नेहमीचा धोका तो इथंही असतो. गेलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

आता या आवाहनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्यारोपणाआधी साधारण आठवडाभर पेशंटला जबर केमोथेरपी देतात. त्यानं त्याची स्वतःची मज्जा नष्ट होते, आणि ती मुद्दाम नष्ट केलेली असते. एकदा ती सुरू झाली की त्याला परतीची वाट नाही. त्याचं शरीर रक्त बनवत नाही, जंतूंशी लढत नाही. तेव्हा तो फक्त तुमच्या पेशींची वाट बघत असतो. त्या दिवसांत दात्यानं ‘घरचे नको म्हणतायत’ म्हणून फोन बंद केला, तर पेशंट बहुतेक वेळा वाचत नाही.

तुम्हाला नकाराचा अधिकार आहे. शेवटच्या क्षणापर्यंत आहे, आणि कुणीही तुमच्यावर सक्ती करू शकत नाही. म्हणूनच विनवतो: नकार द्यायचा असेल तर पहिल्या फोनलाच द्या. त्यात लाज नाही. त्या वेळी पेशंटच्या डॉक्टरांना दुसरा दाता शोधायला सवड असते. म्हणून नोंदणीआधीच घरी बोला. आईवडिलांशी, नवऱ्याशी, बायकोशी. शिबिरात मित्रांनी केली म्हणून आपणही काडी फिरवली, असं करू नका. समजून नोंदलेली पन्नास नावं मला घाईत नोंदलेल्या पाचशेंपेक्षा मोलाची वाटतात.

घरातल्या मोठ्यांना माझं सांगणं: मुलगा किंवा मुलगी तयार असेल तर तपासणीला तुम्हीही या आणि मनात येईल ते सगळं विचारा. काय चुकीचं ऐकलंय ते आमच्यासमोर बोला, गल्लीत नको. फॅमिली डॉक्टरांनाही विनंती. आम्ही महिनाभर समजावलेला दाता ‘कशाला नसती भानगड’ या तुमच्या तीन शब्दांनी मागं फिरतो. शंका असेल तर आधी आम्हाला फोन करा. कंपन्यांनी आणि महाविद्यालयांनी अशा दात्याला हजेरीत सवलत आणि पगारी सुट्टी द्यावी. गणेश मंडळांनी यंदा रक्तदान शिबिराशेजारी एक टेबल या नोंदणीसाठी मांडावं. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर मज्जादाता दिन म्हणून पाळतात, तेही निमित्त आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. ‘स्टेम सेल’ हा शब्द वापरून गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळं बरं करू म्हणणारी दुकानं निघाली आहेत. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे इतर उपयोग फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच करता येतात. तसले उपचार आणि आमचं हे काम एकच समजू नका.

संशोधनातही दात्याचा वाटा असतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निरोगी माणसाला इंजेक्शन द्यायचं तर पुढं दहा वर्षांनी त्याचं काय होतं हे कळलंच पाहिजे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या केंद्रानं २००९ साली आपल्या ३,९२८ दात्यांचा बारा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. असे दाते वर्षानुवर्षं तपासणीला आले, फोनला उत्तर देत राहिले, म्हणून आज मी छातीठोकपणे सांगू शकतो की या इंजेक्शनामुळे दात्यांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढल्याचं आढळलेलं नाही. आपल्याकडे वापरतात ती जी-सीएसएफची इंजेक्शनं बहुतांश बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाबरहुकूम तयार केलेली असतात. दाता-नोंदणी संस्थांची जागतिक संघटना सुरुवातीला ती निरोगी माणसांना द्यायला तयार नव्हती. दात्यांवरचे अभ्यास आले, मगच तिनं भूमिका बदलली. आणि जगात कुठंही एखाद्या दात्याला गंभीर त्रास झाला, तर त्याची नोंद या संघटनेकडे होते, तिथून ती सगळ्या नोंदणी संस्थांपर्यंत पोचते आणि त्यातून आमचे नियम बदलतात. आपल्या मातीतल्या दात्यांची माहिती मात्र अजून तोकडी आहे. ती वाढवायची असेल तर दान झाल्यावरही आमच्या फोनला उत्तर द्या. महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षावर्षानं आम्ही विचारतो: कसे आहात, काही आजार झाला का, कुठली गोळी चालू आहे? त्या पाच मिनिटांच्या उत्तरावर पुढच्या दात्याची सुरक्षितता ठरते.

तर, वय आणि प्रकृती साथ देत असेल तर आजच घरी विषय काढा आणि या आठवड्यात काडीचा संच मागवा. आधीच नोंदणी केलेली असेल आणि मोबाइल नंबर, पत्ता किंवा गाव बदललं असेल, तर आजच नोंदणी संस्थेला कळवा. जुळलेला दाता नुसता नंबर बदलल्यामुळे सापडला नाही, असं होऊ देऊ नका.